धाकट्या बाईंनी टाचलेलं पान

शाळेत त्यांना धाकट्या बाई म्हणत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, चष्मा जाड, जिना चढताना डावा गुडघा कुरकुरायचा, तरी धाकट्याच. त्या साहित्य शिकवायला आल्या तेव्हा वर थोरल्या बाई होत्या. पुढे थोरल्या बाई गेल्या, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. खरं म्हणजे धाडस झालं नाही. थोरल्या बाईंचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये कुणीतरी उठून खिडकी लावून घ्यायचं.

थोरल्या बाई एका कादंबरीतल्या एका परिच्छेदापायी गेल्या. कुणा पालकानं तो संस्थेच्या अध्यक्षांकडे नेला. अध्यक्षांनी बाईंना बोलावलं. दार लागलं, दार उघडलं, आणि बाईंनी स्वतःच राजीनामा दिला असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सांगताना मुख्याध्यापक ‘स्वतःच’ हा शब्द दोनदा म्हणाले.

तोवर कुणी कुणी गुपचूप करायचं, ते तेव्हापासून शाळेत सगळ्यांची पद्धत झालं. परिपत्रक नव्हतं, कुणाची सही नव्हती. नवं पुस्तक आलं की शिकवणाऱ्यानं ते आधी स्टेपलर घेऊन वाचायचं. प्रेमाचं पान आलं, टाच. शिवी आली, टाच. देवाला कुणी जाब विचारला, मोर्चा निघाला, नवऱ्यानं बायकोला मारलं किंवा बायकोनं नवऱ्याला, दोन पानं जुळवायची आणि वर, मध्ये, खाली पिना मारायच्या. “टाचलंस का?” असं बाया एकमेकींना विचारायच्या, “जेवलीस का?” विचारावं तसं.

धाकट्या बाईंचा हात त्यात इतका बसला होता की पुढची ओळ काय असणार ते डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.

त्या वर्षी शिक्षण मंडळाचा नवा आदेश आला. माध्यमिकच्या वरच्या वर्गांचा साहित्याचा अभ्यासक्रम शाळेनं स्वतः आखायचा. निम्म्या साहित्यकृती आफ्रिकेतल्या, निम्म्या आफ्रिकेबाहेरच्या. दोन्हीकडून एक नाटक, एक कादंबरी, मूठभर कविता. मंडळानं पुस्तकांची नावं दिली होती, निवड शाळेची.

मुख्याध्यापकांना मुलं ‘बघूया सर’ म्हणत. त्यांनी आदेशाचा कागद टेबलावर बाईंच्या बाजूला सरकवला, जणू तो गरम होता.

“तुम्हीच करा. तुमचा हात चांगलाय.”

“सर, निवड समितीनं करायची असते ना?”

“समिती मंजूर करते. निवडणार तुम्ही. म्हणजे काही झालंच तर...” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. “समतोल साधा म्हणजे झालं.”

“पुस्तकांचा समतोल ना?”

“सगळ्यांचाच. कुणी दुखावायला नको. आणि हो, तुम्हाला कायम करायची फाइलही त्याच बैठकीत आहे. योगायोग बघा.”

बाई इतकी वर्षं हंगामीच होत्या. दर जूनमध्ये त्यांना नव्यानं नेमलं जायचं आणि दर एप्रिलमध्ये त्यांची झोप उडायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. कंबरेचा मणका सरकल्यापासून तो आतल्या खोलीत पाठीवर पडून छताशी बोलत असे. घर बाईंच्या पगारावर आणि नणंदेच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. हे मुख्याध्यापक साहेबांना ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही ठाऊक होतं. तो तर समितीवर पालकांचा प्रतिनिधी होता.

“बघू करून,” बाई म्हणाल्या.

“बघूया,” साहेब म्हणाले.

*

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. घाबरट बाईच्या हातात पुस्तकं पडली की ती घाबरट राहत नाही. निदान वाचून होईपर्यंत तरी.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी पुस्तकं मांडली. आधी सरळ दोन ढीग केले, आफ्रिकेतला आणि बाहेरचा. मग ते बघून त्यांना कसंसंच झालं. शाळेत मुलामुलींच्या वेगळ्या रांगा असतात तसं दिसत होतं ते. त्यांनी ढीग मोडले आणि जोड्या लावायला घेतल्या. वाळवंटाकाठच्या गावातली विहिरीची कादंबरी, तिच्याशेजारी डोंगरातल्या खाणवस्तीची कादंबरी. दोन्हीकडे माणसं जमिनीत खोल उतरतात आणि वर येताना वेगळी होऊन येतात. कवितांत इकडची आई आणि तिकडची आई समोरासमोर. मुलांना आधी प्रश्न द्यायचा आणि मग दोन देशांतली दोन उत्तरं वाचायला लावायची. आफ्रिका हा काही वेगळा डबा नाही, हे सांगावं लागू नये, मुलांना ते आपोआप दिसावं. थोरल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अगं, हे तर मला सुचायला हवं होतं.

नाटकांची जोडी सगळ्यात छान जमली. एक आफ्रिकेतलं. गावच्या मुखियाची मुदत संपलीय आणि तो आसनावरून उठत नाही. दुसरं उत्तरेकडच्या बर्फाळ किनाऱ्यावरचं. दीपगृहाचा दिवा यंत्रावर चालायला लागलाय, तरी म्हातारा रखवालदार किल्ली देत नाही.

नणंद खिडकीपाशी कुणाची तरी पँट आत घेत होती. तिला गोष्टी ऐकायला आवडत, वाचायला कंटाळा.

“वहिनी, ते मोठ्यानं वाच गं. नुसती ओठ हलवत बसतेस, मला वाटतं माझ्याच नावानं पुटपुटतेयस.”

“वन्सं, नाटक आहे. चार आवाज लागतात.”

“तुझ्याकडे आहेत की. वर्गात एक, घरी एक, साहेबांपुढे एक, आणि माझ्याशी भांडतानाचा चौथा.”

बाईंनी वाचायला घेतलं. मुखियाकडे गावातली माणसं एकेक करून येतात. पुतण्या येतो, म्हणतो, काका, आता नवा मुखिया निवडायचाय. मुखिया म्हणतो, निवडा की, मी कुठं नको म्हणतो, माझ्यासमोरच निवडा. नावाडी येतो, वैद्यीण येते. प्रत्येकाला मुखिया सांगतो, मला तर कधीचं उठायचंय, तुम्हीच उठू देत नाही. आणि प्रत्येक जण जाता जाता वाकून म्हणतो, खरंय, तुमच्याशिवाय कोण.

यंत्राचं चाक थांबलं. नणंद हसत होती. हसता हसता तिला खोकला लागला.

“अगं, हा तर तुझा अध्यक्ष.”

“कोण?”

“हाच. दर वर्षी सभेतून आलीस की सांगतेस ना, त्यांनी म्हटलं आता मला मोकळं करा, आणि सगळे म्हणाले तुमच्याशिवाय कोण. शब्दाला शब्द आहे की.”

बाईंच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं. इतक्या वेळा वाचून त्यांना हे दिसलं नव्हतं. त्यांना भाषा दिसली होती, विनोद दिसला होता, जोडी दिसली होती. समोर बसलेला माणूस तेवढा दिसला नव्हता.

“वन्सं, असं म्हणू नका.”

“मी नाही म्हणत. तो बसलाय तिकडे आफ्रिकेत, तो म्हणतोय.”

“दुसरं एखादं घे,” आतल्या खोलीतून नवरा छताला म्हणाला. “नाटकांचा काय दुष्काळ आहे?”

“यादीत आफ्रिकेतली दोनच आहेत.”

“मग दुसरं घे.”

“त्यात मुलं संप करतात आणि मुख्याध्यापकांना कोंडतात.”

आतून आवाज आला, “बसलेला बरा.”

“आणि ते दिव्याचं?” नणंदेनं विचारलं. “त्यात तरी म्हातारा किल्ली देतो का?”

“नाही देत.”

“धन्य आहेस बाई. एक पुरला नाही म्हणून जोडी आणलीस.”

दुसऱ्या दिवसापासून बाई वर्गात फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या तरी कुणीतरी मागे फळ्यातूनच बघतंय असं वाटे. अध्यक्षांची गाडी फाटकात आली की त्या खिडकीपासून दूर सरकत. ते गृहस्थ आवाज चढवत नसत, हेच वाईट होतं. पूर्वी त्यांची लाकडाची वखार होती. फळीवर हात फिरवून गाठ कुठंय ते न बघता सांगायचे म्हणत. माणसावरही त्यांची नजर तशीच फिरायची.

नाटकाचा शेवटचा प्रवेश बाईंना आता पाठ झाला होता. सगळे हरल्यावर मुखियाची म्हातारी आई झाडू घेऊन येते. तिला ना मुदतीशी देणंघेणं, ना मुखियाशी. ती म्हणते, ऊठ, मला तिथलं झाडायचंय.

त्या प्रवेशाची दोन पानं बाईंनी टाचली. वर, मध्ये, खाली. बाकी नाटक नुसतं विनोदी वाटेल अशी मनाची समजूत घातली. शाळेच्या कपाटातल्या, मंडळानं यादीबरोबर पाठवलेल्या साऱ्या प्रती पुढ्यात घेतल्या आणि एकामागून एक टाचत गेल्या. टाचताना जीव थोडा थोडा खाली बसत गेला. पुस्तकाचं तोंड दाबलं की आपलंही दाबल्यासारखं होतं, आणि त्यात एक विचित्र आराम असतो.

समितीसाठी नमुन्याचा संच लागतो. तो त्यांनी त्याच प्रतींतून काढला, वर दोरी बांधली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मधल्या सुट्टीत इतिहासाच्या बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “अध्यक्षांच्या प्रतीला कव्हर घातलंस ना? त्यांना मळकी प्रत चालत नाही.”

“घातलं की. पण त्यांच्या...”

बाईंनी कप खाली ठेवला. बशीबाहेर ठेवला.

“काय झालं?”

“त्यांच्या प्रतीतही टाचलंय.”

इतिहासाच्या बाई आधी समजल्याच नाहीत. समजल्या तेव्हा त्यांनी उठून खिडकी लावली.

गेली कित्येक वर्षं सगळे मुलांच्या प्रती टाचत आले होते. समितीची प्रत कोरी ठेवायची असते हे शाळेतलं शेंबडं पोर सांगेल. आणि बाईंच्या हातानं नेमकं तेच पान टाचून, वर स्वच्छ कव्हर घालून, ते ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याकडे पाठवलं होतं. बोट दाखवायचं राहिलं होतं ते पिनांनी दाखवलं.

बाई जिन्यावरून जवळजवळ धावत उतरल्या. गुडघा कुरकुरायचंही विसरला.

“सर, तो नमुन्याचा संच. एक चूक राहिलीय, मी लगेच...”

“अध्यक्षांकडे गेला,” बघूया सर म्हणाले. “सकाळीच स्वतः घेऊन गेले. म्हणाले, घरी निवांत चाळतो.”

“ते वाचतात?”

“कुणास ठाऊक. काय चूक आहे?”

बाईंनी तोंड उघडलं. साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. त्यांना सांगितलं असतं तर घाबरणारं माणूस फक्त एकानं वाढलं असतं.

“शुद्धलेखनाची,” त्या म्हणाल्या.

बैठकीपर्यंतचे दिवस कसे गेले ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. नणंदेनं एकदा विचारलं, “समजा काढलं तुला, तर काय करशील?” बाई म्हणाल्या, “काजं करायला शिकवा मला.” नणंद म्हणाली, “तुझा हात थरथरतो, काजं वेडीवाकडी येतील.” मग तिनं यंत्र बंद केलं आणि न बोलता बाईंच्या पुढ्यात चहा ठेवला. ते जास्त घाबरवणारं होतं. नणंद टोमणा मारायची थांबली, म्हणजे घरात खरंच काहीतरी झालेलं असायचं.

*

बैठक दुपारी, वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत. टेबलाच्या टोकाशी अध्यक्ष, हातांची उंच खुर्ची फक्त त्यांना. एका बाजूला बघूया सर, दुसऱ्या बाजूला औषधवाला, आणि मधे पाण्याचे पेले, ज्यांना कुणी हात लावत नाही. बाई टेबलाच्या खालच्या टोकाला उभ्या होत्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांनी आराखडा मांडला. आवाज साहेबांपुढचा, तिसरा. विहीर आणि खाण झाली. कविता झाल्या. औषधवाल्यानं विचारलं, “आफ्रिकेतलं आधी का बाहेरचं आधी?” बाई म्हणाल्या, “बरोबरच. एकाच आठवड्यात दोन्ही.” त्यानं मान डोलावली, म्हणजे पटलं किंवा कळलं नाही.

“नाटकं,” अध्यक्ष म्हणाले.

त्यांच्यासमोर फक्त एकच पुस्तक होतं. दोरी सोडलेली, कव्हर तसंच. त्यांनी ते उघडलं, टाचलेल्या पानाशी आपसूक उघडलं, आणि मधल्या पिनेवरून अंगठा फिरवला. फळीवरून फिरवत तसा.

“हे कुणी टाचलं?”

बघूया सर पेल्याकडे बघायला लागले.

“मी,” बाई म्हणाल्या.

“उघडा.”

पुस्तक टेबलावरून हातोहात खाली आलं. बाईंनी नखानं पिना काढल्या. पहिली निघाली, दुसरी वाकली, तिसरी बोटात घुसली. रक्ताचा थेंब त्यांनी पदरात दाबला.

“आता वाचा.”

बाईंनी वाचायला घेतलं. सपाट वाचायचं ठरवलं होतं, हजेरी घेतात तसं. पहिली तीन वाक्यं तसं वाचलंही. पण म्हातारी झाडू घेऊन आली आणि ती काही हजेरीच्या आवाजात बोलेना. ‘ऊठ, मला तिथलं झाडायचंय.’ मुखिया म्हणतो, आई, मी मुखिया आहे. ती म्हणते, ‘असशील. कचरा तुझ्या खालीच आहे.’

औषधवाला फसकन हसला. मग त्याला कळलं की खोलीत तो एकटाच हसला, आणि त्यानं रुमाल काढून नाक पुसलं.

बाई थांबल्या.

“पुढं,” अध्यक्ष म्हणाले. “मग उठतो का तो?”

“पुढच्या पानावर आहे.”

“वाचा की मग.”

मुखिया उठत नाही. तो बसल्या बसल्या दोन्ही पाय वर उचलतो. म्हातारी आसनाखालचं झाडून काढते, कचरा गोळा करते, जाते. पाय खाली येतात. पडदा.

बाईंनी पुस्तक मिटलं. अध्यक्षांचे पाय टेबलाखाली होते. सगळ्यांना त्या क्षणी तेच दिसत होतं आणि कुणी खाली बघत नव्हतं.

“उठत नाही म्हणजे.”

“नाही साहेब.”

“मग यात टाचण्यासारखं काय आहे?”

हा प्रश्न येणार हे बाईंना माहीत होतं. उत्तरं तयार होती. भाषा ग्रामीण आहे. आईचा अनादर होतो. परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही. तिन्ही जिभेवर होती आणि तिन्ही उतरेनात, कारण तो माणूस खरोखर उत्तराची वाट बघत होता.

“भीती वाटली,” त्या म्हणाल्या.

“कुणाची?”

“तुमची.”

बघूया सरांनी शेवटी पेल्याला हात लावला. पाणी प्यायले नाहीत, नुसता धरून बसले.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. राग आला नाही. ते थोडे पुढे झुकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बाई, मी पुस्तकं वाचत नाही. वेळ कुणाला आहे? कपाटातली एखादी प्रत मागवतो आणि टाचलेलं तेवढं उघडून बघतो. शाळेत कोण कशाला घाबरतं ते बरोबर कळतं. तुमच्या त्या थोरल्या बाई कधी काही टाचायच्या नाहीत. त्यांचं मला शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते बरं नव्हतं.”

बाईंच्या डोळ्यांपुढून सगळं कपाट सरकत गेलं. मोर्चाची पानं, देवाची, रडणाऱ्या बायकोची. इतकी वर्षं त्या मुलांपासून काही लपवत नव्हत्या. इतकी वर्षं त्या या माणसाला रोज थोडं थोडं स्वतःबद्दल कळवत होत्या, वर, मध्ये, खाली.

“नाटक राहू दे,” अध्यक्ष म्हणाले. “दोन्ही राहू देत. पान उघडंच ठेवा. टाचलं तर कार्टी तेवढंच वाचतील.” ते औषधवाल्याकडे बघून हसले. आता औषधवाला मोकळेपणानं हसला.

“आणि सर, बाईंची ती फाइल,” बघूया सर पेल्याला म्हणाले.

“पुढच्या वर्षी. घाई काय आहे? बाई कुठं जातायत?” त्यांनी पुस्तक परत मागितलं नाही. “हे शिकवाल तेव्हा मला सांगा. ऐकायला येईन. तुम्ही आवाज चांगले काढता.”

*

“झालीस कायम?” दारातच नणंदेनं विचारलं.

“नाही.”

“काढलं?”

“नाही.”

“मग हे काय मधलंच?”

“पुढच्या वर्षी म्हणाले. नाटक राहिलं.”

नणंदेनं बाईंचा हात ओढून बोट बघितलं. “नाटक राहिलं आणि हिला वाटतंय आपण जिंकलो.”

“मला तसं काही वाटत नाहीये, वन्सं.” बाई खुर्चीत बसल्या. “मला वाटतंय की यापुढं मला टाचताही येणार नाही.”

कपाटातल्या प्रतींच्या पिना त्यांनी स्वतः काढल्या. इतिहासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मीही काढू का माझ्या?” त्यांनी हळू विचारलं. बैठकीत काय झालं ते बाईंनी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं होतं. “काढ किंवा नको काढू,” बाई म्हणाल्या. “तुझं त्यांना आधीच कळलंय.” इतिहासाच्या बाई गेल्या. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही.

नाटकाचा तास आला त्या दिवशी बाईंनी अध्यक्षांना कळवलं. न कळवून बघावं असं मनात आलं होतं, पण पायांनी जिना उतरून निरोप दिलाच. ते आले. वर्ग खडबडून उभा राहिला. “बसा, बसा. मी इथं नाहीच असं समजा,” असं म्हणत ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक मुलांच्या मापाचा, गुडघे मावेनात, म्हणून ते तिरके बसले. पुढच्या बाकांवरच्या माना ताठ झाल्या.

म्हातारीचं काम वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीकडे होतं. घरी पाठ करून आली होती. झाडू म्हणून तिनं फूटपट्टी धरली होती. मुखिया झालेला मुलगा खुर्चीवर चढून बसला, नाटकात लिहिलं होतं तसा, बाईंच्याच खुर्चीवर. मुलीनं तोंड उघडलं, मागं बाकाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या डोळ्यांत जे आलं ते बाईंनी ओळखलं. ते पुस्तकात नव्हतं. ते त्यांनीच वर्गात आणलं होतं, जिना उतरून.

“बाई,” ती पुटपुटली, “हे वगळू का?”

शेवटच्या बाकावर कुणीतरी पाय हलवला. बाईंनी त्या बाजूला पाहिलं नाही. त्या मुलीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, बाकाच्या आणि तिच्या मधोमध, म्हणजे तिला मागचं दिसू नये.

“नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे बघ आणि मोठ्यानं म्हण.”